श्वानबली आणि टोपलीखालचं मांजर

मराठी घरातले प्राणी हा माझ्या पीएचडीचा विषय आहे, आणि त्यासाठी मी त्र्यंबकेश्वर आणि आजूबाजूचा भाग निवडलाय. हे सांगितलं की दहातले आठ जण एकच प्रश्न विचारतात: "मग पूर्वी एका घरात कुत्र्या-मांजराचं पटायचं का?" प्रश्न हसण्यावारी विचारलेला असतो, पण आहे चांगला. म्हणून आजची पोस्ट त्यावरच. माझं उत्तर असं की पटायचं, कारण एकाच घरात दोघांचे पत्ते वेगवेगळे होते. आता हे पत्ते ठरवले कोणी, ते बघू.

सुरुवात श्राद्धापासून करते. त्र्यंबक हे पितृकार्याचं गाव. नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध यांसाठी इथे वर्षभर लोक येतात. श्राद्धाच्या स्वयंपाकातून पाच वाटे काढायची पद्धत तुम्हाला माहीत असेल: गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंग्या. म्हणजे कुत्र्याला हक्काचा वाटा आहे, त्याला नावही आहे, श्वानबली. मांजराला मात्र काहीच नाही.

पण मांजर श्राद्धाच्या गोष्टीत आहे! तुम्ही ती ऐकलीच असेल. घरातलं मांजर श्राद्धाच्या दिवशी पायात घोटाळायचं, म्हणून यजमान ते टोपलीखाली झाकून ठेवायचे. ते गेले, मांजरही गेलं. मुलगा वडिलांचं श्राद्ध करायला बसला आणि म्हणाला, थांबा, आधी शेजारचं मांजर आणा, टोपलीखाली झाकायला हवं. ही गोष्ट आपण अंधानुकरणावरचा विनोद म्हणून सांगतो. मी ती घराचा नकाशा म्हणून वाचते. मांजर झाकावं लागतं, कारण ते आधीच चुलीपाशी असतं. कुत्र्याला झाकायची वेळच येत नाही, तो बाहेर असतो.

तो बाहेर का? मनुस्मृतीचा तिसरा अध्याय बघा. रोजच्या अन्नातला काही भाग कुत्र्यांसाठी जमिनीवर ठेवावा असं तिथे सांगितलंय. त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की श्राद्धाच्या जेवणावर कुत्र्याची नुसती नजर पडली तरी ते वाया जातं. वाटा द्यायचा, पण नजरेआड. आणि मांजर काही शास्त्राने पवित्र ठरवलेलं नव्हतं. अकराव्या अध्यायात मांजर, कावळा, उंदीर, कुत्रा, मुंगूस यांच्या उष्ट्याला एकाच ओळीत बसवलंय. म्हणजे ग्रंथ दोघांनाही उष्टंच करणारे मानतो, तरी घराने एकाला आत घेतलं आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. जमिनीवर अन्न ठेवायच्या त्या यादीत कुत्र्यांच्या शेजारी पतित आणि श्वपच म्हटली जाणारी माणसंही आहेत. कुत्र्याला ओसरीच्या अलीकडे न येऊ देणारी रेघ आणि माणसांना न येऊ देणारी रेघ एकाच हाताने ओढलेली आहे. जुन्या वाड्यातल्या 'शांततेचं' कौतुक करताना मला हे सारखं आठवत राहतं.

मांजर आत का, याचं उत्तर साधं आहे: धान्य. त्र्यंबकला पाऊस प्रचंड, पट्टा भाताचा, त्यात यात्रेकरूंच्या जेवणावळी. कणगी, पोती, माळा, सगळीकडे उंदीर. ग्रंथ काहीही म्हणो, मांजर हवंच. आपल्या म्हणीसुद्धा हेच सांगतात. 'शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं' यातला बोका घरात शिरलेला नाही, तो शिंक्याखाली आधीपासूनच बसलाय. उलट 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' या म्हणीची सगळी गंमतच यात आहे की कुत्रं जिथे असायला नको तिथे आहे. (संस्कृत व्याकरणात कायमच्या वैरासाठी एक खास समास आहे. त्याची ठरलेली उदाहरणं मांजर-उंदीर आणि साप-मुंगूस.)

मांजराच्या या कामाची सरकारदरबारी मोजदादही झाली आहे, तीही महाराष्ट्रात. प्लेगच्या काळात अमरावतीला अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. त्यांनी गावोगावी घरांच्या मानाने मांजरं किती ते मोजलं आणि 1908 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं की जिथे मांजरं जास्त तिथे प्लेग कमी. प्लेग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो हे तोवर समोर आलं होतं. ब्युकॅननना मांजरांवर जरा जास्तच भरवसा होता असं माझं मत आहे, कारण मांजरालाही प्लेग होतो. पण 'घरात मांजर आहे का' हा प्रश्न तेव्हा माणसं जगण्या-मरण्याचा होता, हे खरं.

मग दोघांची खरी गाठ कुठे पडायची? बाहेर. सिंधमधल्या चान्हुदडोच्या उत्खननात 1935-36 साली एक वीट मिळाली. तिच्यावर मांजराच्या पंजाचा ठसा आहे आणि त्यावर थोडा चढलेला कुत्र्याचा. चार हजार वर्षांहून जुना पाठलाग! पण लक्षात घ्या, ही वीट उन्हात वाळत घातलेली होती. पाठलाग उघड्यावर झाला, जिथे मांजराला चढायला काही नव्हतं.

आणि खरोखर एकाच छपराखाली दोघं राहायचे ते वाड्यात नाही. त्र्यंबकच्या आसपासच्या महादेव कोळी, ठाकर पाड्यांवर कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं घर असतं. पावसाळ्यात आत चूल, डालग्याखाली कोंबड्या, कोपऱ्यात शेळी, आणि कुत्रं-मांजर दोघंही उबेला. तिथे उंबऱ्याची रेघ एवढी कडक नव्हती. पिल्लं लहानपणापासून एकमेकांना हुंगत वाढतात.

हा शेवटचा मुद्दा विज्ञानालाही सापडलाय. तेल अवीव विद्यापीठातल्या फॉयरस्टाइन आणि टर्केल यांनी 2008 मध्ये एकाच घरातल्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास छापला. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत एकमेकांना भेटले, आणि मांजर घरात आधी आलेलं असलं, तर बहुतेक वेळा जमतं. दोघांच्या खुणा उलट असतात: कुत्रा शेपूट हलवतो ते खुशीत, मांजर हलवतं ते वैतागून. तरी एकत्र वाढलेले एकमेकांची भाषा शिकतात.

आता त्र्यंबकमध्ये वाड्यांच्या जागी लॉज आणि फ्लॅट येतायत. फ्लॅटमध्ये कुत्रा पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आला आणि नेमका त्याच वेळी माळा गेला. तुमच्याकडे दोघं असतील तर कपाटाचा वरचा भाग मांजरासाठी रिकामा ठेवा आणि त्याची ताटली ओट्यावर, कुत्र्याच्या तोंडाला न लागेल अशी. पुढच्या पोस्टमध्ये गोठ्याकडे वळू.