ओळख न पटलेला ठिपका

१९९३ साल, कॅलिफोर्नियातलं बर्कली. खगोलशास्त्रज्ञ स्टुअर्ट बॉयर यांच्या चमूत तुम्ही पडद्यासमोर बसला आहात. पडद्यावर तारे शोधू नका. तिथे आहेत फक्त फोटॉनच्या नोंदी: कधी आला, कुठून आला.

या नोंदी पाठवल्या ईयूव्हीई उपग्रहानं. जून १९९२ मध्ये तो उडाला आणि जुलैपासून जानेवारीपर्यंत, पृथ्वीभोवतीच्या दर फेरीत स्वतः तीनदा गिरक्या घेत, त्यानं सगळं आकाश धुंडाळलं. तेही टोकाच्या अतिनील किरणांत, ७० ते ७६० अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात. ताऱ्यांदरम्यानचा हायड्रोजन हे किरण गिळून टाकतो, म्हणून इथे काही दिसणारच नाही, असं एके काळी जाणकारच सांगत. १९७५च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत बॉयर यांच्या दुर्बिणीला अरुंधतीकेशातला एचझेड ४३ हा श्वेत बटू झगझगीत दिसला आणि ते मत मोडीत निघालं. सूर्याच्या आसपास हायड्रोजन बराच विरळ आहे, हे आपलं नशीब!

आता तुमचं काम: या नोंदींतून स्रोतांची यादी बनवणं. उपग्रह दक्षिण अटलांटिकवरून जाताना विद्युतभारित कणांच्या माऱ्यानं मोजणी उगाच फुगते. तो भाग काढून टाका. उरलेल्यात पार्श्वभूमीपेक्षा एखादा ठिपका खरोखर उजळ आहे का, ते संख्याशास्त्रानं तपासा. मोह होईल, पण काठावरचा ठिपका यादीत घेऊ नका. फिल्टरमधून तप्त निळ्या ताऱ्यांचा साधा अतिनील प्रकाशही झिरपतो, म्हणून असा तारा दिसला की आधी संशय घ्या.

मग शेजारच्या जुन्या याद्या उघडा. त्या जागी श्वेत बटू आहे? कॅपेलासारखा तप्त प्रभामंडळाचा तारा? जुळला तर नाव लिहा. काही ठिपक्यांशी काहीच जुळत नाही. चमूत अशांना ‘नॉइड’ म्हणतात. जवळचा एखादा अंधूक तारा चिकटवून टाकायला हात शिवशिवतो. आवरा. माझ्या मते यादीतला सर्वांत प्रामाणिक रकाना हा रिकामाच आहे: पुढचा निरीक्षक दुर्बीण वळवतो ती तिकडेच.

तुमच्या पहिल्या यादीत ४१० स्रोत असतील; ती १९९४ मध्ये छापली जाईल. १९९६च्या दुसऱ्या यादीत ७३४ होतील, आणि तिच्यातही काही स्रोतांपुढे नाव नसेल.