लोणारची काठवाट

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार वन्यजीव अभयारण्यात, खाऱ्या सरोवराला वळसा घालणारी पायवाट. गावाला लागूनच असलेल्या विवराच्या कडेवरून उतरायचे, झाडीतून पाणी गाठायचे, काठाकाठाने फिरायचे आणि पुन्हा कडेवर यायचे, असा हा फेरा. सरोवराचा व्यास सुमारे 1.2 किलोमीटर, त्यामुळे काठाची चाल 4 किलोमीटरच्या आसपास भरते. वाट बहुतेक सपाट आहे. दम लागतो तो शेवटच्या चढणीला, कारण कडा आणि पाणी यांत 130 मीटरहून अधिक उंचीचा फरक आहे.

पर्यटक बहुधा कडेवर उभे राहून खालचे हिरवे वर्तुळ पाहतात, छायाचित्र काढतात आणि निघतात. विवराचा आवाका मात्र खाली उतरल्यावरच कळतो. चहूबाजूंनी भिंत उभी राहते, गावाचा गलका थांबतो आणि मोरांची केका घुमू लागते.

सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या काळ्या कातळात उल्का आदळून झाले. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण हे ज्वालामुखीचे मुख असावे हा समज पुढे दीड शतक टिकला. 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील शोधनिबंधाने उल्कापाताचे पुरावे मांडले. त्यांत आघाताच्या दाबाने खनिजाची काच होऊन बनलेले मास्केलिनाइट महत्त्वाचे होते. बसाल्टमधले इतके सुस्थितीतले आघातविवर पृथ्वीवर विरळाच, म्हणून मंगळ आणि चंद्रावरील विवरांच्या अभ्यासकांनाही लोणारची ओढ असते. वयाबद्दल एकमत नाही: एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षे येते, तर दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार.

उतरण्याची जुनी वाट धारेपासून जाते. गोमुखातून पडणारी गोड्या पाण्याची ही धार बारमाही आहे. तिच्या आसपास पडक्या देवळांचे दगड, शेवाळलेल्या पायऱ्या आणि स्नानाला आलेली माणसे दिसतात. तेच पाणी पुढे झुळझुळत खाऱ्या सरोवराला मिळते. खाली झाडी दाटते: साग, कडुनिंब, चिंच, सीताफळ, बाभूळ. जुन्या गॅझेटियरमध्ये सरोवराभोवती झाडांची कडी सांगितली आहेत. बाहेर शिंदी, आत चिंच, मग बाभूळ आणि शेवटी चिखलाचा उघडा पट्टा, जिथे खारामुळे काहीच रुजत नाही. आज ही कडी तितकी रेखीव राहिलेली नाहीत. वेड्या बाभळीने बरीच जागा बळकावली आहे आणि ती काढणे हे इथले मोठे, चिवट काम आहे. ते नेटाने व्हायला हवे, कारण वेडी बाभूळ स्थानिक झाडांना डोके वर काढू देत नाही.

काठावर आले की आधी नाकाला कळते. पाण्याचा सामू 10 च्या जवळपास असतो आणि कुजट, खारट दर्प हवेत भरून राहतो. पाणी ओसरल्यावर चिखलावर पांढरी साय धरते. पूर्वी हा खार गोळा करून विकत. त्याच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती, आणि काच व साबण करायला तो लागे. ‘ऐन-इ-अकबरी’तही लोणारच्या या उत्पन्नाचा उल्लेख आहे.

पाण्याच्या कडेला कमळजादेवीचे देऊळ आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते आणि एरवी शांत असलेली काठवाट माणसांनी फुलते. देवळासमोरच सासू-सुनेची विहीर. एकाच विहिरीत एका बाजूचे पाणी गोड, दुसऱ्या बाजूचे खारट. कड्याकडून झिरपणारे गोडे पाणी आणि सरोवराचे खारे पाणी तिथे भेटते. नाव ज्याने ठेवले त्याने दोन्ही पाणी नक्की चाखून पाहिले असणार. सरोवर चढले की विहीर पाण्याखाली जाते, काठाची वाटही बुडते, आणि पूर्ण फेऱ्याऐवजी आल्या वाटेनेच परतावे लागते.

जून 2020 मध्ये सारे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचे आढळले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला. नांदूरमधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे रामसर स्थळ. अभयारण्य त्याआधीचे, 2000 सालचे. इथे पक्ष्यांच्या 160, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या 46 आणि सस्तन प्राण्यांच्या 12 जातींची नोंद आहे. त्यांत लांडगाही आहे. वाटेवर वानरांच्या टोळ्या हमखास भेटतात, पाचोळ्यात घोरपड सळसळते. बिबट्याचाही वावर असल्याने सकाळी, सोबतीने आणि स्थानिक वाटाड्या घेऊन जावे. पिण्याचे पाणी बरोबर हवेच.

गावातले दैत्यसूदन मंदिर फेऱ्यानंतर पाहावे. लवणासुराला विष्णूने इथे मारले, ही कथा मंदिराच्या नावात आहे आणि गावाच्याही. ती स्कंदपुराणाशी जोडली जाते. मुक्काम लोणारलाच करावा आणि धारेच्या पायऱ्या दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याआधी उतराव्यात.