शारदा सदनाचे उघडे दार

१८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा केडगावी आणल्या. आजचा गोंदिया जिल्हा त्याच प्रांतात मोडत असे. केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. १८८९चे शारदा सदन मात्र धर्मशिक्षण न देण्याच्या अटीवर निघाले होते. तेथे रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली येऊन बसत. त्यावरून वाद पेटला. १८९३मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. निराश्रित मुलीची निवड कितपत स्वतंत्र, ही त्यांची शंका आम्हांस रास्तच वाटते. पण रमाबाईंच्या करुणेचा उगम ज्या श्रद्धेत होता, ती त्यांनी लपवावी काय? त्याच वर्षी सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, हिंदू राहूनच. ते दार बाहेर जाण्यासही मोकळे होते.