आज्ञावली पेटीत भरताना

जानेवारी ते एप्रिल या काळात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या भागांतल्या रस्त्यांवर लांबलचक पांढऱ्या शीतपेट्या ओढणारे ट्रेलर दिसतात. द्राक्षे घेऊन ते न्हावा-शेवा बंदराकडे जातात. ‘कंटेनर’ हा शब्द नाशिक जिल्ह्यात आता मराठीच झाला आहे. ‘यंदा आमचे दोन कंटेनर गेले’ असे बागायतदार सहज बोलून जातो.

संगणकाच्या जगातही हा शब्द २०१३ नंतर घरोघरी पोचला. तिथे पोलादाची पेटी नसते, क्रेन नसते, बंदर नसते. मग शब्द नेमका हाच का उचलला? पेटीत घालून आज्ञावली बांधायची आणि पाठवायची, ही कल्पना कशी वाढत गेली? आणि पेटी पक्की असली म्हणजे आतल्या मालावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो का? या तीन प्रश्नांचा मागोवा आपण या लेखात घेऊ.

‘माझ्याकडे तर चालते!’

आज्ञावली लिहिणारा माणूस जे लिहितो, तो एक मजकूर असतो. त्याला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. ही संहिता कोणालाही वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळी असली की ते सॉफ्टवेअर मुक्त झाले. पण प्रक्रियकाला हा मजकूर सहसा जसाच्या तसा कळत नाही. कम्पायलर नावाची दुसरी आज्ञावली त्याचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करते. इतरांनी आधीच लिहून ठेवलेले उपयोगी तुकडे, म्हणजे लायब्ररी, त्याला जोडले जातात. या साऱ्या कामाला बांधणी म्हणू या. बांधणीतून जे निघते ते संगणकावर चालते.

अडचण इथेच सुरू होते. एकाच्या संगणकावर कम्पायलरची जुनी आवृत्ती असते, दुसऱ्याकडे नवी. एखादी लायब्ररी इथे असते, तिथे नसते. संहिता अक्षरशः तीच, तरी बांधून निघणारी आज्ञावली वेगळी. मग एक म्हणतो, ‘चालत नाही’ आणि दुसरा म्हणतो, ‘माझ्याकडे तर चालते!’ दोघेही खरेच बोलत असतात. पीठ तेच असले तरी तवा आणि आच बदलली की भाकरी बदलते, तसेच हे आहे.

भिंती कशा उभ्या राहिल्या

यावरचा पहिला उपाय बराच जुना आहे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ नावाची सोय आली. एखाद्या आज्ञावलीला ‘हा एवढा फोल्डर म्हणजेच सगळा संगणक’ असे भासवता येऊ लागले. त्या फोल्डरबाहेरच्या फायली तिला दिसतच नाहीत. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ही सोय बिल जॉय यांनी १९८२ मध्ये घातली, आणि ती प्रणालीची बांधणी व स्थापना तपासून पाहण्यासाठी, असे सांगितले जाते. म्हणजे वेगळ्या खोलीत बांधणी करण्याची गरज चाळीस वर्षांपूर्वीच जाणवली होती.

पण ही भिंत पातळ होती. फायली लपत, तरी शेजारच्या खोलीत चाललेली कामे दिसत. २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीत ‘जेल’ आले आणि भिंत जाड झाली. लिनक्समध्ये २००२ पासून ‘नेमस्पेस’ येऊ लागले. फायली, चालू कामे, नेटवर्क यांचे प्रत्येक खोलीला वेगळे चित्र दाखवण्याचे काम ते करतात. खोलीला स्मृती आणि प्रक्रियकाचा वेळ किती मिळावा, याचे माप ठरवणारी ‘सीग्रुप’ ही सोय गूगलमधील अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केली. २००८ च्या आरंभी ती लिनक्सच्या गाभ्यात सामील झाली.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. आभासी संगणक म्हणजे घरात बांधलेले दुसरे पूर्ण घर. त्याला स्वतःचा गाभा, म्हणजे कर्नल, असतो. कंटेनर म्हणजे एकाच घरातली कुलूपबंद खोली. गाभा सर्वांचा सामाईक. म्हणूनच कंटेनर हलका असतो आणि क्षणात सुरू होतो. पण गाभ्यालाच भोक पडले, तर सगळ्याच खोल्या धोक्यात येतात.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतील एका परिषदेत ‘डॉकर’ दाखवले. यातली खोली नवी नव्हती. नवी होती ती खोली घडवण्याची आणि वाहून नेण्याची रीत. कोणत्या प्रणालीवरून सुरुवात करायची, कोणती साधने घालायची, कोणत्या फायली ठेवायच्या, हे एका छोट्या मजकुरात ओळीने लिहायचे. ही कृती वाचून डॉकर पेटी तयार करते. ती पेटी मग कोणत्याही लिनक्स संगणकावर नेता येते. प्रक्रियकाचा प्रकार मात्र जुळावा लागतो.

बंदरावरचा धडा

नाव उसने घेण्याचे कारण बंदरावर सापडते. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, तेव्हा त्यावर ५८ पेट्या होत्या. त्यापूर्वी पोती, पिंपे, खोकी सुटी सुटी चढवावी लागत. पेटीमुळे चढउतार वेगवान झालीच, पण खरी क्रांती झाली ती मापे ठरल्यावर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मानके आली. वीस आणि चाळीस फूट लांबी आणि चारही कोपऱ्यांत ठरावीक पकड. आत द्राक्षे आहेत की यंत्राचे भाग, याच्याशी क्रेनला देणेघेणे उरले नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, ते या पद्धतीवरच.

संगणकातही तेच घडले. जून २०१५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून कंटेनरचे खुले मानक ठरवण्यास आरंभ केला, आणि पेटी एका कंपनीची न राहता सर्वांची झाली.

सुकाणू धरणाऱ्याची बांधणी

पेट्या वाढल्यावर त्या कुठे ठेवायच्या, बंद पडलेली पेटी पुन्हा कोणी सुरू करायची, हे प्रश्न आले. जून २०१४ मध्ये गूगलने ‘कुबरनेटीस’ हे मुक्त सॉफ्टवेअर जाहीर केले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. शेकडो संगणकांवर सॉफ्टवेअर वाटणे आणि त्याची देखभाल करणे हे त्याचे काम.

आता गंमत पाहा. पेट्या वाटणारे हे सॉफ्टवेअर स्वतःही एका पेटीतच बांधता येते, आणि त्याच्या संहितेसोबत तशी सोय दिलेली आहे. बांधणाऱ्याच्या संगणकावर डॉकर असले की पुरे. ठरलेल्या आवृत्तीचा ‘गो’ भाषेचा कम्पायलर आणि निरनिराळ्या प्रक्रियकांसाठी बांधणी करण्याची साधने त्या पेटीत आधीच असतात. संहिता आत जाते, बांधणी आत होते आणि तयार झालेल्या फायली तेवढ्या बाहेर येतात. नाशिकच्या विद्यार्थ्याचा जुना संगणक आणि दूरदेशीच्या अभियंत्याचा नवा संगणक यांतला फरक अशा रीतीने बांधणीपुरता बराचसा पुसला जातो. ज्या सॉफ्टवेअरची प्रत शेकडो ठिकाणी जाणार, त्याच्या बांधणीतली एक चूक शेकडो ठिकाणी जाते. म्हणून हा खटाटोप.

शाळेच्या जवळचे उदाहरण मुंबईतले आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी सुरू केलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमात राजस्थान, मिझोराम, छत्तीसगड, तेलंगणा या राज्यांतल्या सरकारी शाळा सामील झाल्या. तिथे इंटरनेटचा भरवसा नव्हता. म्हणून शाळेतच एक सर्व्हर ठेवला गेला. त्यावरचे ‘जीस्टुडिओ’ हे मुक्त सॉफ्टवेअर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात घडले होते आणि ते डॉकरच्या पेटीतून बसवण्याची सोय केलेली होती. दूरच्या शाळेत प्रत्येक लायब्ररी जुळवत बसायला तज्ज्ञ कुठून आणायचा? तिथे पेटीचे मोल कळते.

पेटी पक्की, माल नापास

आता तिसरा प्रश्न. २०१० च्या हंगामात नाशिकची द्राक्षे युरोपात अडकली. पेट्या निर्दोष होत्या, तापमान बरोबर होते, घड टवटवीत होते. पण क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचा अंश युरोपने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आपल्याकडच्या नेहमीच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतेच. माल नाकारला गेला आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेली ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था तेव्हा होतीच. तिच्यामुळे पेटीतला माल कोणत्या बागेतला, हे शोधता येते. पण जे तपासायचे ठरलेच नाही, त्याचे उत्तर नोंदवहीत कसे मिळणार?

सॉफ्टवेअरच्या जगात याची आठवण करून देणारी घटना मार्च २०२४ मध्ये घडली. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे मुक्त सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स संगणकांवर असते. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. त्याचा मुख्य भाग चाचणीच्या फायलींत दडवलेला होता. बांधणीच्या वेळी तो बाहेर काढणारा मजकूर सर्वांना दिसणाऱ्या भांडारात नव्हताच. वाटपासाठी केलेल्या गठ्ठ्यात तेवढा होता. त्या गठ्ठ्यावरून अगदी स्वच्छ पेटीत बांधणी केली असती, तरी चोरदरवाजा इमानेइतबारे बांधला गेला असता! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्या अर्ध्या सेकंदाचा त्याने पिच्छा पुरवला, म्हणून अनर्थ टळला.

केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले होते की, कम्पायलरच फितूर असेल तर निर्दोष संहितेतूनही सदोष आज्ञावली निघू शकते. मग करायचे काय? एक, कृतीत ‘सर्वात नवी आवृत्ती घ्या’ असे मोघम न लिहिता नेमकी आवृत्ती आणि तिचा अंकीय ठसा लिहायचा. नाहीतर आजची पेटी आणि सहा महिन्यांनंतरची पेटी यांत नाव सोडून काहीच सारखे राहत नाही. दोन, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी तीच संहिता बांधून निकाल बिट-बिट जुळतो का ते पाहायचे. डेबियन या मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी २०१३ पासून हे काम नेटाने चालवले आहे. २०२३ मध्ये गो भाषेच्या १.२१ या आवृत्तीपासून तिचा कम्पायलरही असा पडताळता येऊ लागला. तीन, बांधणीला घेतलेला गठ्ठा आणि जाहीर संहिता एकच आहेत ना, हे तपासायचे.

वर्गात करून पाहा

यासाठी डॉकर हवेच असे नाही. जास्वंदीच्या फुलांपासून आम्ल-आम्लारी दर्शक तयार करण्याची कृती एका गटाला लिहायला सांगा. दुसऱ्या गटाने काही न विचारता फक्त लिहिलेले वाचून दर्शक करायचा. पाणी किती, गरम की थंड, पाकळ्या ताज्या की सुकलेल्या, कुठली ओळ राहून गेली ते लगेच कळेल.

संगणक असेल तर एखाद्या उताऱ्याचा ‘शा-२५६’ ठसा काढा. तो ६४ चिन्हांचा येतो. उताऱ्यातला एक स्वल्पविराम काढून ठसा पुन्हा काढा. तो पार बदललेला दिसेल. दोन शाळांनी एकच फाइल घेऊन आपापले ठसे फोनवरून जुळवून पाहावेत. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याऐवजी आपण स्वतः पडताळू शकतो, हा अनुभव मुलांना मिळेल. मुक्त सॉफ्टवेअरची संहिता उघडी ठेवण्यामागेही हेच आहे. पडताळणारे हात मिळाले, तर त्या उघडेपणाचा उपयोग.