लूप, श्वास आणि फ्रिजियन

मंडळी, आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलंड नावाचा प्रांत आहे, वस्ती साधारण साडेसहा लाख. तिथली भाषा फ्रिजियन. डचपेक्षा वेगळी, आणि इंग्रजीची अगदी जवळची नातलग. चीजला 'त्सीस', चर्चला 'त्स्येर्क'. बोला मोठ्याने, नातं ऐकू येतं की नाही?

ह्या भाषेतली कविता आणि मिनिमल संगीत ह्यांची एक जोडी जमते. एकजण कविता म्हणतो (गात नाही, म्हणतो!) आणि शेजारी एखाद-दोन वादक चार-पाच सुरांची एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, ऐनवेळी सुचेल तशी बदलत. भावगीतासारखी चाल नाही, ध्रुवपद नाही. वरवर बॅकग्राउंड म्युझिक वाटेल, पण त्यामागे बराच इतिहास आहे, आणि गेले काही वीकेंड मी त्याच्याच मागे आहे.

फ्रिजियन ही आधी कानाची भाषा आहे. सोळाव्या शतकात दरबार, कचेरी, शहर सगळीकडे डच आली. पुढे चर्चमध्येही तीच. फ्रिजियन उरली घरात आणि गोठ्यात. सतराव्या शतकात बोल्सवार्डच्या गिस्बर्ट यापिक्स नावाच्या शाळामास्तराने तिच्यात गंभीर कविता लिहून दाखवली. त्याचा संग्रह निघाला १६६८ मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी. संपूर्ण बायबल फ्रिजियनमध्ये यायला मात्र १९४३ साल उजाडलं! आजही ही भाषा बोलणारे भरपूर, पण ती नीट लिहू शकणारे त्यातले थोडेच. अशा भाषेत कवीने नुसतं पुस्तक काढलं तर वाचणार कोण? म्हणून आवाज.

आणि ह्या आवाजासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्यात. एका न्यायाधीशाने कोर्टात फ्रिजियन ऐकून घ्यायला नकार दिला. फेडे स्खूरर नावाच्या संपादकाने त्याच्यावर सणसणीत लेख लिहिला आणि स्वतःच आरोपी झाला. १६ नोव्हेंबर १९५१, शुक्रवार, लेवार्डन शहर. खटल्याच्या दिवशी बाहेर गर्दी जमली आणि पोलिसांनी लाठीमार केला. तो दिवस 'क्नेपलफ्रेद' म्हणजे 'लाठी-शुक्रवार' म्हणून ओळखला जातो. १९५६ मध्ये कायदा झाला आणि कोर्टात फ्रिजियन बोलता येऊ लागलं. हा स्खूरर स्वतः कवी होता, हे मला फार आवडलं.

१९६८ मध्ये काही तरुण कवींनी 'ओपेरास्ये फेर्स', म्हणजे 'मोहीम कविता' सुरू केली. एका नंबरवर फोन फिरवायचा, पलीकडून फ्रिजियन कविता ऐकू येणार. इंटरनेट नाही, काही नाही, आणि ह्यांनी पॉडकास्ट काढलं राव!

आता संगीताकडे. मिनिमल संगीताचा जन्म अमेरिकेतला. टेरी रायलीचं १९६४ चं 'इन सी' प्रोग्रामरने जरूर बघावं. ५३ छोटे तुकडे, प्रत्येक वादक प्रत्येक तुकडा हवा तितक्या वेळा वाजवणार, फक्त बाकीच्यांच्या फार पुढे-मागे जायचं नाही. चक्क मल्टिथ्रेडिंग, आणि लॉक म्हणजे एकमेकांचे कान. हाच रायली १९७० पासून पंडित प्राणनाथांचा शिष्य होता. प्राणनाथ किराणा घराण्याचे, म्हणजे आपल्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं घराणं. एकेका सुरावर तासभर बसायची सवय कुठून मिळाली असेल, ते ओळखा.

स्टीव्ह राइशने तर रस्त्यावरच्या एका धर्मोपदेशकाचा आवाज टेप केला, १९६५ मध्ये त्याच वाक्याचे दोन लूप एकत्र सुरू केले आणि ते हळूहळू एकमेकांपासून सरकू दिले. म्हणजे मिनिमल संगीताच्या मुळाशीच बोललेला शब्द आहे. नेदरलँड्समध्ये सिमेऑन टेन होल्टने १९७९ मध्ये 'कँटो ओस्टिनाटो' पूर्ण केलं. त्यातही किती वेळा परतायचं ते वादक ठरवतात, त्यामुळे एक प्रयोग तासाभरात संपतो, दुसरा कितीतरी लांबतो.

ह्या लूपवर बोललेली कविता ठेवली की गंमत होते. कवितेला ठराविक मात्रा नाहीत. कवी मध्येच थांबतो, श्वास घेतो, वादक तोच तुकडा परततो. तीन वेळा की नऊ वेळा, कुणी लिहून ठेवलेलं नाही. व्हाईल लूप आहे, पण बाहेर पडायची अट दुसऱ्याच्या फुप्फुसात! चाल लावली असती तर शब्दांना चालीत बसावं लागलं असतं, आणि फ्रिजियनला ते जड जातं. तिचे स्वर एका शब्दात फुटतात. दगड म्हणजे 'स्तीअन', अनेक दगड म्हटले की 'स्त्यिनन'. गाण्यात हा फरक सहज पुसला जातो. बोलताना राहतो.

आवाजाचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे त्स्येब्ब हेटिंगा (१९४९–२०१३). दृष्टी जवळजवळ गेलेली, लांबच लांब कविता पाठ, आणि म्हणण्याची पद्धत समुद्राच्या लाटांसारखी. १९९३ मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात नेदरलँड्स आणि फ्लँडर्स पाहुणे होते, तिथे त्याने भाषा न समजणाऱ्यांनाही खिळवून ठेवलं. २००१ मध्ये त्याला यापिक्सच्याच नावाचा पुरस्कार मिळाला.

पण इथेच मला एक गोष्ट खटकते. 'एक शब्दही कळला नाही, पण काय सुंदर!' हे कौतुक ऐकायला बरं वाटतं. १९५१ मध्ये लोक कोर्टाबाहेर उभे होते ते आपली भाषा गोड लागावी म्हणून नाही. ती समजून घेतली जावी म्हणून. संगीत मंद-धुंद झालं की भाषेचा नुसता साउंड इफेक्ट होतो, आणि मग ती फ्रिजियन असली काय नि बनावट असली काय, फरक पडत नाही. माझ्या मते चांगला वादक तो, जो कवितेतला महत्त्वाचा शब्द येताच सूर कमी करतो. असले वादक कमी असतात.

तुम्ही ऐकणार असाल तर माझी पद्धत सांगतो. आधी इंग्रजी भाषांतर दोनदा वाचा. मग खिडकी बंद करा आणि फक्त ऐका. 'स्तीअन'चं 'स्त्यिनन' कुठे होतं ते सापडलं तर कॉमेंटमध्ये मिनिट-सेकंदासकट लिहा.