डिस्क-विभाजनाचा तक्ता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
१९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला 'पीसी एक्सटी' हा संगणक बाजारात आणला. त्यासोबतच्या डॉस २.० प्रणालीत डिस्कच्या ५१२ बाइटच्या पहिल्याच सेक्टरमध्ये संगणक सुरू करणारी आज्ञावली आणि चार विभागांच्या नोंदीचा ६४ बाइटचा तक्ता एकत्र ठेवण्यात आला. या तक्त्याची दुसरी प्रत नव्हती. परिणामी तो बिघडल्यास किंवा सक्रिय विभागाची खूण पुसली गेल्यास, माहिती शाबूत असूनही संगणक सुरू होत नसे. ३२ बिटांच्या सेक्टर-क्रमांकामुळे पुढे सुमारे २ टेराबाइटची मर्यादाही जाणवली. इंटेलच्या ईएफआय योजनेतून आलेल्या जीपीटी पद्धतीने तक्त्याची प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवली. तत्कालीन गरजेपुरता घेतलेला तांत्रिक निर्णय पुढील पिढ्यांनाही बांधून ठेवतो, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.