निवृत्तीची पुंजी आणि भाड्याचे घर

चाकरी संपली, फंडाची रक्कम हाती आली, की चार खोल्या बांधाव्यात आणि त्यांच्या भाड्यावर उतारवय काढावे, हा विचार मराठी मध्यमवर्गात फार जुना आहे. पेढी बुडते, सोने चोरीस जाते. घर मात्र जागचे हलत नाही, अशी त्यामागील धारणा. मुंबईने या धारणेची कठोर परीक्षा घेतली.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती उठल्या. ज्याची ऐपत होती त्याने घर बांधावे, एका मजल्यावर स्वतः राहावे, उरलेले भाड्याने द्यावे, असा हिशेब होता. त्यात महायुद्ध कोणी धरले नव्हते. १९१८ मध्ये टंचाईमुळे भाडेनियंत्रण आले. काही वर्षांनी ते उठले. दुसऱ्या युद्धात ते परतले ते मात्र मुक्कामासाठीच. १९४७ च्या कायद्याने जुन्या जागांना १ सप्टेंबर १९४० चेच भाडे प्रमाण ठरविले. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होते, १९४९ मध्ये बडोदेही त्या राज्यात आले; तेव्हा हा प्रश्न एका शहराचा उरला नाही.

भाडेकरूची बाजू खोटी नव्हती. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते आणि मोकळ्या बाजारात गरिबाला छप्पर मिळणे दुरापास्त होते. पण मुदतीचा म्हणून केलेला कायदा पुनःपुन्हा वाढविला गेला. गवंड्याची मजुरी वाढली, चुना-सिमेंट महागले, भाडे तेवढे थिजून राहिले. जागेची खरी किंमत पागडीत वाहू लागली. ती घेणे गुन्हा होता, म्हणून कायदा पाळणारा पेन्शनरच अधिक नागवला गेला. गळक्या इमारतींसाठी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला.

१९५२ च्या कायद्याने कारखान्यांतील नोकरांनाही भविष्यनिर्वाह निधी मिळाला. पुंजी वाढली, पण भाड्यासाठी बांधण्याची हौस ओसरली. मालकीच्या सदनिकांचा काळ आला होता. त्यांच्यासाठी १९६३ मध्ये वेगळा कायदा झाला.

थिजलेले भाडे काळाच्या ओघात अन्यायकारक ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. १९९९ च्या नव्या कायद्याने जुन्या भाड्यात ५ टक्के आणि पुढे दरसाल ४ टक्के वाढ दिली. ३० रुपयांची खोली त्यामुळे साडेएकतीस रुपयांची झाली, आणि पुढल्या वर्षी तिच्यात सव्वा रुपयाची भर पडली.